पाळ, पाणी आणि मरळ

नवेगाव बांधच्या तलावाभोवती डोंगरांची जी रांग उभी आहे, तिला लोक 'सात बहिणी' म्हणतात. त्यांतल्या एका माथ्यावर कोलासूर देवाचं ठाणं आहे. हा देव म्हणजे कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं हा तलाव बांधला, असं परिसरात सांगितलं जातं आणि जिल्ह्याच्या इतिहासातही त्याचंच नाव घेतलं जातं. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी अडवणारा हा माणूस राजा नव्हता की सरदार नव्हता. गावचा पाटील होता, धान पिकवणारा शेतकरी होता. तलाव बांधणाऱ्या राजाराण्यांची नावं आपल्याकडे पुष्कळ सापडतात; तलाव बांधला म्हणून देवपदाला पोचलेला शेतकरी विरळाच.

पूर्व विदर्भात असे तलाव पावलोपावली आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून सरकारदरबारी साडेसहा हजारांहून अधिक 'माजी मालगुजारी तलाव' नोंदलेले आहेत. लोकांच्या तोंडी ते मामा तलाव. शेताशेतांतल्या लहान बोड्या यात धरलेल्याही नाहीत. या भागात पाऊस काही कमी नाही, वर्षाला हजार-तेराशे मिलिमीटर पडतो. पण तो सगळा जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळा होतो. भारी धानाची लोंबी भरायची वेळ येते ऑक्टोबरात, आणि नेमका तेव्हा पाऊस पाठ फिरवतो. त्या पंधरा-वीस दिवसांत एक-दोन पाणी मिळालं तर घरात धान येतं, नाहीतर नुसती तणस. एवढ्या थोड्या दिवसांच्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माती वाहिली गेली आणि वैनगंगेच्या खोऱ्याचं रूप बदलून गेलं.

हे काम मुख्यतः कोहळी या शेतकरी जातीचं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा आपला चार खंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांच्या उगमाची एक कथा येते: चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथल्या लोकांचं पाणी खेळवण्याचं आणि ऊस पिकवण्याचं कसब त्याला भावलं, आणि परतताना त्यांतली काही कुटुंबं त्यानं सोबत आणली. कथेत इतिहास किती आणि अभिमान किती, हे ठरवणं अवघड आहे. पण गोंड राजवटीत जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा मोबदला मिळत असे, ही परंपरा या भागात चांगली परिचित आहे. तलाव बांधणं हे पुण्याचं काम होतंच. त्यासोबत ते शेतकऱ्याच्या हिशेबातलंही काम होतं.

जुन्या तलावाची बांधणी पाहिली की कळतं, हे लोक जमिनीचा उतार डोळ्यांनीच मोजत होते. दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पाळीच्या एका टोकाला कठीण मुरमावर सांडवा काढायचा. पाणी सोडायला तुडुम. अनेक जुन्या तलावांत तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर भोकं असत आणि त्यांत लाकडी बुचं ठोकलेली असत. आधी वरचं बूच काढायचं. पाणी खाली गेलं की त्याच्या खालचं. त्यामुळे दर वेळी वरच्या थरातलं, उन्हानं कोमट झालेलं पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जाई आणि पाळीवर एकदम ताण येत नसे. एका तलावाचा सांडवा पुढच्या तलावाला पाणी देई, त्याचा तिसऱ्याला. सर्वांत वर बोड्या, मग लहान तलाव, मग मोठा, आणि शेवटी नाला. पाण्याची ही साखळी माशांची वाटही होती, आणि धानाचा इतिहास सांगताना ही गोष्ट बहुधा राहून जाते.

पहिल्या जोरदार पावसात सांडवा वाहू लागला की मासे उलट्या दिशेनं, पाणी चढून वर येतात. बांध्यांत, ओहोळांत, गवताळ खळग्यांत शिरतात, अंडी घालतात. पाणी ओसरू लागलं की पिलं खाली तलावात उतरतात. तलाव म्हणजे पाळीजवळचं खोल पाणी, अशी शहरी माणसाची समजूत असते. माशांच्या दृष्टीनं तलावाचा खरा जीव दुसऱ्या टोकाला असतो. पाळीपासून दूर, जिथे जमीन हळूहळू वर चढते आणि पाणी घोट्याएवढं, गुडघ्याएवढं राहतं, तिथे.

त्या उथळ पाण्यात थोडं वाकून पाहावं. तळाशी हायड्रिलाची दाट हिरवी झुडपं, त्यांच्यात फितीसारखी लांब पानं, वर कुमुदाची गोल पानं आणि बोटभर उंचीची पांढरी फुलं. काठाला लव्हाळी आणि देवधान. देवधान म्हणजे आपोआप उगवणारा रानटी भात. मरळीची जोडी अशा ठिकाणी पाणवनस्पतींमधला टोपलीएवढा भाग मोकळा करते. पिवळसर अंडी पाण्यावर तरंगत राहतात आणि नर खाली पहारा देतो. अंड्यांतून पिलं बाहेर पडली की त्यांचा नारिंगी-लाल थवा पाण्याच्या वरच्या थरात एखाद्या ढगासारखा सरकत राहतो. आई-बाप खाली, पिलं वर. जवळ बेडूक आला तरी मरळ त्याच्यावर झेपावते. वनस्पती नसतील तर हे घरटं होत नाही. घरटं नाही तर थवा नाही. मागूर आणि शिंगी यांचंही असंच आहे. चिखल, गवत आणि सावली या त्यांच्या गरजा. हे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून मार्च-एप्रिलात तलाव डबक्यावर आला तरी ते तग धरतात. हंगामी तलावात टिकायला लागणारं शरीर त्यांना निसर्गानंच दिलेलं आहे.

हे सगळं धिवरांना ठाऊक होतं. रसेलनं धिमरांविषयी, म्हणजे धिवरांविषयी लिहिलं ते मासेमार, पालखी वाहणारे, पाणी भरणारे आणि शिंगाड्याची लागवड करणारे म्हणून. गावगाड्यात हा समाज पाण्याशी निगडित प्रत्येक कामाला होता, पण पाण्याचा मालक कधीच नव्हता. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत लपतो, कोणता गढूळ पाणी धरतो, कोणत्या नक्षत्रात कोण चढतो, कोणत्या महिन्यात जाळं कोरडं ठेवायचं, हे ज्ञान तोंडी होतं. माशांच्या डझनावारी जाती त्यांना नावानिशी माहीत होत्या. फेकजाळं, गळ, बांबूचे सापळे अशी प्रत्येकाची साधनं वेगळी होती. एका साधनानं सगळा तलाव उपसून काढण्याची सोयच नव्हती.

या व्यवस्थेला रम्य रंग देण्याचं कारण नाही. तलाव मालगुजाराचा होता. नागपूरकर भोसल्यांच्या काळात महसूल गोळा करणाऱ्या पाटलांना आणि मालगुजारांना इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत थेट मालकी हक्क दिले आणि गावाबरोबर गावचा तलावही त्यांच्या नावे लागला. धिवर मासे धरत ते त्याच्या परवानगीनं, त्याचा वाटा देऊन. पाळीच्या दुरुस्तीला गावाची माणसं बोलावली जात. त्या बोलावण्याला नाही म्हणण्याची मुभा प्रत्येकाला नसे. तरीही एक गोष्ट खरी होती. गुरांना पाणी, बांध्यांना पाणी, धिवरांना मासे, बायकांना कमळकंद आणि शिंगाडे, कुंभाराला माती, अशा सगळ्या गरजा एकाच जागी भेटत आणि त्यांच्या रूढी गावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रूढींच्या नोंदपत्रात, लिहिलेल्या असत. पाणी किती ठेवायचं, केव्हा सोडायचं, यावर भांडण झालं तर ते एकाच पाळीवर होई आणि तिथेच मिटे.

विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० साली तिथल्या सरकारनं मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला, पुढच्या वर्षी तो अमलात आला आणि मालगुजारी संपली. संपायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात उतरवले गेले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे गेले आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीत आले, तलावाभोवतीचं जंगल वनखात्याच्या आणि काठची जमीन महसूल खात्याच्या. जे एका पाळीवर ठरत होतं ते चार कचेऱ्यांत वाटलं गेलं. मालगुजार दर उन्हाळ्यात पाळ पाहायला जात असे, कारण ती फुटली तर त्याचंच धान जात होतं. अशी निकड आता कोणालाच उरली नाही. तुडुमं गळू लागली, गाळ साचला, तलावाच्या पोटात लोकांनी शेती सुरू केली.

जमीन सुधारणेचा हेतू निखळ होता, त्याचा फायदाही मोठा झाला. पण मालक गेल्यावर त्याची देखरेखीची जबाबदारी कोण उचलणार, हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारला नाही. त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्या धिवरांनी.

याच सुमारास माशांच्या बाबतीत देशात एक मोठी घटना घडली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचं बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणलं. रोहू, कटला, मृगळ हे मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. त्याआधी त्यांचं बी पुरातल्या नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको ते मासेही येत. आता हवं तेवढं शुद्ध मत्स्यजिरे केंद्रात तयार होऊ लागलं. हा शोध खरोखर थोर होता. आजही १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, ते योग्यच आहे. १९५९ साली चिनी वंशाचे ग्रास कार्प आणि सिल्व्हर कार्प भारतात आणले गेले. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, त्याही आधी आलेला होता. १९७१ पासून या सहा जातींच्या मिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग देशभर सुरू झाले आणि उत्पादनाचे आकडे झपाट्यानं वर गेले.

मिश्र मत्स्यशेतीची पद्धत आखलेली होती ती माणसाच्या पूर्ण ताब्यातल्या तळ्यासाठी. तिथे पाणी बारमाही असतं, खत घालता येतं, खाद्य देता येतं. तिचा पहिला धडा तळं साफ करण्याचा: पाणवनस्पती काढा, मांसाहारी मासे काढा, लहान 'निरुपयोगी' मासे काढा. त्यासाठी मोहाची पेंड सुचवली जाते, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलोपर्यंत. पेंडीतल्या विषानं मासे मरतात आणि पुढे तीच पेंड कुजून खत होते. खासगी मत्स्यतळ्यात हे शास्त्र चालतं. शेकडो वर्षांच्या गावतलावात तेच लागू केलं की मरळ, मागूर, शिंगी, वाम आणि बोटभर लांबीच्या कितीतरी जाती एका फटक्यात 'काढून टाकण्याच्या' यादीत जातात. पेंड प्रत्येक तलावात पडली असं नाही. पण हा विचार मात्र सगळीकडे पोचला.

ग्रास कार्पनं उरलेलं काम केलं. हा मासा मऊ पाणवनस्पतींवर जगतो आणि अनुकूल काळात दिवसाला स्वतःच्या वजनाएवढा चारा खाऊ शकतो. हायड्रिला त्याचं आवडतं खाद्य. तणानं भरलेला कालवा साफ करायला असा मासा उत्तम. मामा तलावात मात्र त्यानं मरळीचं घरटं, बदकांचं खाद्य आणि गोगलगायींची बैठक एकाच वेळी संपवली. सायप्रिनस तळ उकरत राहतो, त्यानं पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही आणि जी वनस्पती वाचली तीही उगवत नाही.

धिवरांच्या सहकारी संस्थांचा हिशेब इथेच बिघडला. तलावाचा ठेका घ्यायचा, त्यासाठी पैसे भरायचे. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, विकत आणून सोडायची. ऑक्टोबरात शेतकरी धानाला पाणी सोडणार, ते अडवता येत नाही आणि अडवूही नये. पाणी उतरतं, मासा वाढायला मिळतात जेमतेम पाच-सहा महिने. सप्टेंबरात सांडवा जोरात वाहिला तर विकत आणलेलं बी नाल्यानं खाली निघून जातं. मार्चमध्ये जाळं ओढलं की हाती येतात हातभरही न वाढलेले कटला-रोहू, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या सगळ्या तलावांचे मासे बाजारात आल्यानं भाव पडलेला असतो. पूर्वीचा मासा बी मागत नव्हता. तो आपला आपण वाढत होता, वर्षभर थोडाथोडा मिळत होता, आणि मरळ किंवा मागूर बाजारात कार्पपेक्षा कितीतरी चढ्या दरानं विकली जात होती, आजही जाते. जे लहान मासे 'निरुपयोगी' ठरले ते गरिबाच्या ताटात काट्यासकट खाल्ले जाणारे मासे होते. त्या काट्यांमधलं कॅल्शियम लेकुरवाळीला आणि तिच्या बाळाला मिळत होतं. उत्पन्नाच्या तक्त्यात ही जमा कुठेच धरली जात नव्हती.

तलावांच्या काठावर आणखी एक शत्रू उभा राहिला, बेशरम. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेलं हे जांभळट फुलांचं झुडूप. तोडून टाकलेल्या फांदीला पेरापेरातून मुळं फुटतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि शेळीनं लावलंच तर आजारी पडते. नेमक्या त्याच उथळ पाण्याच्या पट्ट्यात त्यानं ठाण मांडलं जिथे देवधान आणि लव्हाळी असायची. जाळं टाकायलाही जागा उरली नाही.

या काळात तलावाचं जुनं ज्ञान टिकून राहिलं ते काही माणसांमुळे. वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी तिथल्या माधवराव पाटलांकडून जंगलाचं आणि तलावाचं किती शिकलं, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहे. माधवराव कोहळी, जुन्या घराण्यातले, शिकारीतून निसर्गाकडे वळलेले. पक्षी, मासे, झाडं यांची स्थानिक नावं आणि सवयी चितमपल्लींच्या लेखनात इतक्या विपुल आल्या त्यामागे अशा माणसांचा सहवास होता. पुढे त्यांनी पक्षी आणि वृक्षांबरोबर माशांचाही कोश केला. मराठीत माशांवर लिहायचं तर समुद्राकडे पाहायचं, ही आपली जुनी सवय. गोड्या पाण्यातल्या माशांना आपल्या साहित्यात मुळातच जागा कमी. म्हणून हे काम मोलाचं.

तलावावर प्रत्यक्ष हात घालण्याचं काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं केलं. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं तलाव, पक्षी आणि धिवर यांचा अभ्यास करत होते. सुरुवातीला पाहणी होती पक्ष्यांची. काही तलावांवर पक्षी का येत नाहीत, याचं उत्तर शोधताना ते पाणवनस्पतींपर्यंत पोचले, आणि तलावात कोणती वनस्पती होती हे सांगू शकणारी माणसं होती गावचे वयस्क मासेमार. अर्जुनी मोरगाव परिसरातल्या नवतलावावर या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस झालेला, पाणवनस्पती पुन्हा रुजवण्याचा प्रयोग पुढच्या कामाचा पाया ठरला.

काम दिसायला साधं, करायला कष्टाचं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापून भागत नाही, आणि उपटलेली काठावर टाकूनही भागत नाही. वाळवून जाळावी लागते. मग उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरायचा. कित्येक वर्षं गुरांच्या खुरांनी आणि उन्हानं ती माती दगडासारखी झालेली असते, तिच्यात मूळ शिरत नाही. पुढची पायरी लागवडीची. ज्या तलावात वनस्पती अजून शिल्लक आहेत तिथून त्या खणून आणायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आणि उथळ पाण्यात पाऊल चिखलात रोवत एकेक जुडी दाबायची. हात भाताच्या रोवणीचेच, म्हणून धिवर बायका हे काम फार सफाईनं करतात. पाण्याच्या आत राहणाऱ्या, पानं वर तरंगवणाऱ्या आणि काठाला उभ्या राहणाऱ्या, अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती लावल्या जातात, कारण प्रत्येक माशाची गरज वेगळी. लावलेल्या पट्ट्यात पहिली काही वर्षं जाळं ओढायचं नाही, अंडी घालण्याच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवायची आणि ग्रास कार्प सोडायचा नाही, हे संस्थेनं आपल्या बैठकीत ठरवायचं.

पुढे गोंदिया-भंडाऱ्यातल्या डझनावारी तलावांवर हे काम गेलं, आणि त्यात बायका नुसत्या मजूर राहिल्या नाहीत. धिवर समाजात जाळं पुरुषाचं आणि बाजाराची टोपली बाईची, ही वाटणी जुनी. सहकारी संस्थेची सभासद म्हणून मात्र तिचं नाव क्वचितच असे. लागवड तिनं केली, बेशरम तिनं उपटली, मग तलावाचा निर्णय होतो त्या सतरंजीवर तिनं बसू नये का, हा प्रश्न उभा राहिला आणि काही गावांत बायका त्या बैठकीत बसूही लागल्या. या इतिहासातला हा सर्वांत आनंदाचा भाग आहे.

कार्प पूर्णपणे हद्दपार करा, असं या कामातले लोकही म्हणत नाहीत. रोहू-कटल्यानं कर्ज फिटतं, लग्नसराईला मोठा मासा लागतो, व्यापाऱ्याला वजनाचा माल हवा असतो. ते सोडावेत, पण वनस्पतींचा पट्टा राखून आणि तलावाला झेपतील तेवढेच. उत्पन्नाचा एक भाग विकत आणलेल्या बियातून आणि एक भाग तलावानं आपणहून दिलेल्या माशांतून, अशी ही वाटणी आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि बोटुकली फुकट जाते, त्या वर्षी मरळ आणि मागूर घर चालवतात. दुष्काळी वर्षांत टिकणारा मासा हाताशी ठेवणं याहून मोठं शहाणपण मत्स्यशेतीत दुसरं नसेल.

अलीकडे या तलावांवर सरकारी पैसा येऊ लागला आहे. मामा तलावांच्या दुरुस्तीसाठी, गाळ काढण्यासाठी योजना आल्या. पाळ बळकट होते, तुडुम दुरुस्त होतं, शेतकऱ्याला गाळ मिळतो. हे हवंच होतं. पण खोदकामाची मोजणी घनमीटरवर होते आणि पोकलेनला उथळ काठ दिसत नाही. मशीन सरळ उभा कडा कापते, तलाव बशीसारखा होता तो डब्यासारखा होतो. साठलेल्या पाण्याचा आकडा वाढतो आणि मासा जिथे अंडी घालतो तो पट्टा नाहीसा होतो. खोली वाढवायची तर पाळीच्या बाजूला वाढवावी आणि वरच्या अंगाचा मंद उतार जसाच्या तसा राखावा, एवढी एक ओळ अंदाजपत्रकात घातली तरी पुष्कळ काही वाचेल.

याच उथळ काठांवर आणि त्यांना लागून असलेल्या बांध्यांत सारस राहतो. माणसाच्या उंचीचा हा क्रौंच महाराष्ट्रात आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्यापुरता उरला आहे, आणि तोही काही डझनच. पाण्यातल्या गवताचा ढीग रचून तो घरटं करतो, देवधानाचे दाणे आणि लव्हाळ्याचे कंद खातो, बहुतेक वेळा दोनच अंडी घालतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चा झाली ती कीटकनाशकं, विजेच्या तारा आणि पाणथळ जागांची. सारसासाठी वेगळा तलाव कुठून आणणार? धिवरांच्या संस्थेनं लव्हाळी आणि देवधान राखले तर सारसाचा चाराही त्यातच आहे. पक्षी वाचवायचा की माणसाचं पोट भरायचं, असा पेच शहरातल्या सभांमध्ये मांडला जातो. या काठावर दोघांनाही तोच चिखल हवा असतो.

हक्काचा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या पाणवठ्यांमधले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवले. जे तलाव वनहद्दीबाहेर आहेत त्यांवर मात्र ठेक्याचीच पद्धत आहे. ठेका साधारणपणे पाच वर्षांचा. लावलेली वनस्पती तलावभर पसरायला दोन-तीन पावसाळे जातात, माशांची संख्या सावरायला आणखी एक-दोन. म्हणजे कष्टाचं फळ हाती यायच्या सुमारास नूतनीकरणाची अनिश्चितता समोर उभी राहते. ज्या संस्थेनं काठ राखला, बेशरम काढली, ग्रास कार्प टाळला, तिला पुढच्या ठेक्यात अग्रहक्क देणं आणि मुदत वाढवणं यात शासनाचा एक पैसाही जात नाही. बेशरम उपटणं आणि तळाची नांगरणी ही कामं रोजगार हमीत घ्यावीत, मत्स्यबीजाच्या अनुदानाबरोबर पाणवनस्पतींच्या लागवडीलाही अनुदान मिळावं. आणि ही मंजुरी एप्रिलच्या आत हातात पडावी. जूनमध्ये आलेल्या मंजुरीचा उपयोग नसतो, कारण तोवर तळ पाण्याखाली गेलेला असतो आणि नांगर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबतो.